घाटकोपरच्या गल्लीतून सोसायटीच्या खतखड्ड्याकडे

मुंबईत रविवारी सकाळी कुठे ना कुठे काहीतरी चाललेलं असतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मुलं हातमोजे घालून प्लास्टिक उचलत असतात, मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत जुने चार्जर आणि बंद पडलेले मोबाइल गोळा होत असतात, दादरला कुणाच्या तरी गच्चीवर भाजीच्या देठांपासून खत करायला शिकवत असतात. ही सगळी चळवळ 2014 च्या स्वच्छता अभियानानंतरची, असा अनेकांचा समज आहे. खरं तर ती त्याहून बरीच जुनी आहे. तिची सुरुवात रहिवाशांनी केली आणि तिचं ओझं कचरा वेचणाऱ्या बायकांनी वाहिलं, म्हणून ती नीट सांगायला हवी.

आधी शहराची जुनी रीत पाहू. कचरा उचलायचा आणि लांब नेऊन टाकायचा, एवढंच धोरण या शहराला शंभर वर्षं पुरलं. 1896 मध्ये मांडवीत प्लेगची साथ सुरू झाली आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतली घाण हा सरकारी चिंतेचा विषय झाला. उपाय निघाला तो घाण दूर नेण्याचा. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा रेल्वेमार्ग मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठी टाकला होता. त्यावरून प्रवासी जाऊ लागले ते 1924 मध्ये. देवनारची कचराभूमी 1927 पासून वापरात आहे. तेव्हा ते शहराबाहेरचं ओसाड होतं. पुढे शहर तिथवर पोहोचलं आणि गोवंडी-मानखुर्दची माणसं त्या डोंगराच्या धुरात राहू लागली. दक्षिण मुंबईच्या कचऱ्याची किंमत त्यांनी फुफ्फुसांनी मोजली, आणि ती अजून फिटलेली नाही.

त्या काळातल्या घरांतून निघणारा कचरा मात्र थोडा होता. लालबाग-परळच्या चाळींत रद्दीवाला यायचा, डबा-बाटलीवाला यायचा, जुन्या साड्यांवर स्टीलचं भांडं देणारी बोहारीण यायची. चाळीच्या मागच्या घरगल्लीत घाण साचायची हे खरं, पण काच, कागद, कापड आणि पत्रा सहसा तिथे जात नसे. त्याला दाम होता. पुढे पिशव्या, पाकिटं आणि पाऊच आले. त्यांना भंगारात काहीच मोल नव्हतं, म्हणून ते पहिल्यांदा गटारात आणि मग समुद्रात गेले.

कचऱ्याची जागा पुन्हा जिवंत करता येते, याचा पहिला मोठा दाखलाही इथलाच. माहीमच्या खाडीकाठी, धारावीला लागून, शहराचा कचरा 1977 पर्यंत टाकला जात होता. तिथे झाडं लावली गेली आणि 1994 मध्ये 37 एकरांचं निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज शाळेची मुलं तिथे फुलपाखरं पाहायला येतात.

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. 1996 मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यातून पुढे 2000 चे घनकचऱ्याचे नियम आले. त्याच सुमारास, 1997 मध्ये, घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा गल्लीतच वेगळा करायला सुरुवात केली. ओला खड्ड्यात जिरवायचा, सुका वेचणाऱ्यांच्या हाती द्यायचा. महापालिकेने हाच नमुना उचलला आणि त्याला प्रगत परिसर व्यवस्थापन असं नाव दिलं. ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट या इंग्रजी नावावरून सगळे त्याला एएलएम म्हणतात. गल्लीतल्या रहिवाशांची समिती आणि वॉर्ड ऑफिसात तिचं ऐकायला एक अधिकारी, अशी साधी मांडणी होती. पाहता पाहता वांद्रे, खार, अंधेरी, चेंबूर इथे शेकडो एएलएम उभे राहिले.

या समित्यांचं श्रेय मोठं आहे. कर भरला की आपलं काम संपलं, ही सवय त्यांनी पहिल्यांदा मोडली. पण त्यांची उणीवही सांगायला हवी. त्या बहुतेक मध्यमवर्गीय गल्ल्यांत रुजल्या, आणि काही ठिकाणी खतखड्डा मागे पडून फेरीवाले हटवणं हाच मुख्य कार्यक्रम झाला. झोपडपट्ट्यांसाठी महापालिकेने वेगळी दत्तक वस्ती योजना आणली. तिथे वस्तीतल्याच मंडळांना मानधनावर साफसफाई दिली गेली. एका शहरात एकाच कामाच्या दोन वाटा तिथपासून पडल्या.

आता त्या बायकांबद्दल. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून भूमिहीन कुटुंबं मुंबईत आली. त्यात दलित कुटुंबं पुष्कळ होती. अनेक बायकांच्या हाती पोतं आलं. कचराकुंड्या आणि देवनारचा ढीग उपसून त्या कागद, प्लास्टिक, काच वेगळी करायच्या. शहराचा सुका कचरा पुन्हा कारखान्यात जायचा तो त्यांच्यामुळे. तरी लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. 1975 मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने 1998 च्या सुमारास या बायकांसाठी परिसर विकास हा उपक्रम सुरू केला. ओळखपत्र, बचतगट, मुलांचं शिक्षण आणि जोडीला कामाचं शास्त्र: खत कसं करायचं, बाग कशी राखायची, बायोगॅसचं संयंत्र कसं चालवायचं. त्यांना परिसर भगिनी म्हणू लागले.

बायोगॅसच्या बाबतीत मुंबईला घरचंच तंत्रज्ञान मिळालं. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण संयंत्र विकसित केलं. त्यात खरकटं आधी दळून पातळ करतात, पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन ते लवकर कुजवतात, मग हवाबंद टाकीत सोडतात. गॅस मिळतो आणि उरलेलं खत म्हणून वापरता येतं. पण सुतळी, चमचा किंवा प्लास्टिकची पिशवी आत गेली की यंत्र अडतं. म्हणजे सगळं अवलंबून राहतं ते निवडणाऱ्या हातांवर.

गच्चीवरच्या शेतीचा धागाही याच काळातला. अर्थतज्ज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्यात गच्चीवर उसाचं चिपाड आणि घरचं खत वापरून, पिशव्या आणि पिंपांत भाज्या-फळं घेऊन दाखवली. त्यांच्या पद्धतीपासून शिकून मुंबई बंदर न्यासाच्या (पोर्ट ट्रस्टच्या) मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 पासून बाग फुलवली गेली. कामगारांच्या जेवणातून निघणारा ओला कचरा तिथल्याच मातीत जाऊ लागला. आज बाल्कनीत मिरची आणि पुदिना लावणाऱ्या कितीतरी घरांपर्यंत ही विद्या तोंडी पोहोचली आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कचऱ्याने तुंबलेल्या मिठी नदीचं काय झालं होतं ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी राज्यात 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली आणि महापालिकेचे स्वच्छतेचे उपविधी आले. पण पाणी ओसरलं तशी घाईही ओसरली. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह या वकिलांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर साफसफाई सुरू केली. शेकडो लोक जोडले गेले, आणि 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. रविवारच्या मोहिमांना आज जो उत्साह आहे, त्याला ही घटना फार मोठं कारण आहे.

सोसायट्यांना मात्र जाग आणली ती आगीने. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं. धूर शहरभर पसरला, जवळच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिन्याभरात मुंबई उच्च न्यायालयाने नव्या इमारतींच्या परवानग्यांवर निर्बंध घातले, कारण शहराकडे कचऱ्याची धड व्यवस्थाच नव्हती. त्याच वर्षी केंद्राचे नवे नियम आले. त्यात कचरा निर्माण होतो तिथेच वेगळा करण्याची सक्ती होती आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी पालिकांवर होती. मग महापालिकेने फर्मान काढलं: 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा असलेल्यांनी 2 ऑक्टोबर 2017 पासून ओला कचरा आवारातच जिरवावा.

सोसायट्यांनी तक्रारी केल्या: जागा नाही, वास येईल, पैसे कोण देणार. काहींनी घाईने महागडी यंत्रं घेतली आणि ती पुढे पार्किंगच्या कोपऱ्यात गंजली. जिथे व्यवस्था टिकली तिथे बहुधा साधे खड्डे किंवा जाळीचे पिंजरे आहेत, सुका पाला आणि ओला कचरा यांचं प्रमाण सांभाळणारी शिकलेली बाई आहे, आणि तिचा पगार सोसायटीच्या मासिक वर्गणीत धरलेला आहे. कचरा निवडताना दस्ताने आणि हात धुवायला पाणी मिळावं, बसून काम करायला छप्पर असावं, आणि वॉर्डात सुका कचरा ठेवायला पुरेशी जागा असावी, अशा या बायकांच्या मागण्या आहेत. पुनर्विकासाचे इतके नकाशे रोज मंजूर होतात. त्यात या छपराला जागा आखणारे नकाशे अजून मोजकेच आहेत.