आयपी पत्ता, स्थिर व बदलता (घरगुती जोडणी)

इंटरनेट सेवादात्याने घरच्या राउटरला दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) त्याच ग्राहकासाठी राखून ठेवलेला असल्यास त्यास स्थिर किंवा स्टॅटिक आणि सामाईक साठ्यातून मुदतीपुरता दिलेला असल्यास बदलता किंवा डायनॅमिक पत्ता म्हणतात.

बदलत्या पत्त्यांचा आरंभ कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. १९८५ च्या बूटपी या प्रोटोकॉलने (यंत्रांमधील संवादाच्या नियमसंचाने) यंत्राला पत्ता आपोआप मिळू लागला. परंतु कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा याचा तक्ता सामान्यतः आधीच भरलेला असे, त्यामुळे त्यास बदलता पत्ता म्हणणे कठीण आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि मार्च १९९७ मध्ये सुधारलेल्या डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या प्रोटोकॉलने मुदतीची कल्पना रूढ केली. घरगुती जोडणीपुरते पाहता मात्र डायल-अपच्या (टेलिफोनवरून केलेल्या जोडणीच्या) पीपीपी प्रोटोकॉलला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण जोडणी होतानाच पत्ता देण्याची सोय त्याच्या १९९२ च्या मानकात आहे.

डीएचसीपीत मुदत निम्मी सरताच राउटर पत्ता देणाऱ्या त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो व उत्तर न आल्यास, मूळ मूल्यांनुसार, सात-अष्टमांश मुदतीनंतर कोणत्याही सर्व्हरकडे विचारणा करतो. त्यामुळे सतत चालू असलेल्या राउटरचा ‘बदलता’ पत्ता कित्येक महिने तोच राहू शकतो. ब्रॉडबँडवर पीपीपी वापरणाऱ्या पीपीपीओई जोडणीत मात्र प्रत्येक लॉगिनला तो बदलण्याची शक्यता असते.

आयपीव्ही४ या आयपीच्या जुन्या आवृत्तीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. डायल-अपचे सर्व ग्राहक एकाच वेळी जोडलेले नसत, म्हणून छोटा साठाही पुरे. अखंड चालणाऱ्या ब्रॉडबँडने ही बचत बहुतांशी संपवली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले गेले. एकच सार्वजनिक (इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा) पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देणाऱ्या सीजीनॅट पद्धतीसाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात यांपैकी पत्ता दिसल्यास घरातील कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी केलेले पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विचारणा घरातील ठरावीक यंत्राकडे वळवणे) चालत नाही, आणि बदलत्या पत्त्याला कायम नाव जोडून देणारे डायनॅमिक डीएनएसही तेथे निरुपयोगी ठरते. अशा ग्राहकाची खरी गरज सार्वजनिक पत्त्याची असते. भारतात अनेक सेवादाते तो स्थिर पत्त्याच्या रूपाने, वेगळे शुल्क आकारून देतात.

आयपीव्ही६ या नव्या आवृत्तीत घराला पत्त्यांचा संपूर्ण गट मिळतो आणि त्याचा पूर्वभागही (त्या पत्त्यांचा समान सुरुवातीचा भाग) स्थिर वा बदलता असू शकतो. पूर्वभाग स्थिर असल्यास, उपकरणांनी पत्त्याचा उर्वरित भाग वेळोवेळी बदलला तरी ते घर ओळखता येते.