गुस्टाव कर्नर: आधी मत, मग नागरिकत्व

3 एप्रिल 1833 ला फ्रँकफर्टमध्ये काही डझन विद्यार्थ्यांनी दोन पोलीस चौक्यांवर हल्ला केला. जर्मन राज्यसंघाचा खजिना ताब्यात घेऊन उठाव पेटवायचा बेत होता. पण बातमी आधीच फुटली होती आणि शहरही उठलं नाही. हल्लेखोरांत हायडेलबर्गचे कायद्याचे डॉक्टर, 23 वर्षांचे गुस्टाव कर्नर होते. जखमी अवस्थेत ते निसटले आणि फ्रान्समार्गे अमेरिकेला पोहोचले. मिसूरीतली गुलामगिरी पाहून त्यांनी मिसिसिपी नदीच्या अलीकडे, इलिनॉयमधल्या बेलव्हिल परिसरात मुक्काम केला. इथल्या सुशिक्षित जर्मनांना ‘लॅटिन शेतकरी’ म्हणत. नांगरापेक्षा ग्रंथांशीच त्यांचा परिचय जास्त!

जर्मन डॉक्टरेटवर इथे वकिली चालण्यासारखी नव्हती. इलिनॉयमध्ये इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे जुन्या निकालांवर उभा असलेला कायदा, होता. म्हणून कर्नर केंटकीतल्या ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठात नव्याने शिकले आणि 1835 मध्ये त्यांनी सनद मिळवली.

त्यांचं राजकारण समजायचं तर इलिनॉयची 1818 ची राज्यघटना पाहावी लागते. तिने मताचा हक्क ‘नागरिकां’ना नव्हे, 21 वर्षांवरच्या गोऱ्या पुरुष ‘रहिवाशां’ना दिला होता, अट फक्त सहा महिन्यांच्या वास्तव्याची. देशाचं नागरिकत्व मिळायला मात्र पाच वर्षं लागत. त्यामुळे कालपरवा आलेला जर्मनही मतदार ठरे. ही मतं बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाला जात, म्हणून त्यांच्या प्रतिस्पर्धी व्हिग पक्षाने हा हक्क कोर्टात आव्हानित केला. उत्तरादाखल डेमोक्रॅट्सनी 1841 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीश वाढवून संख्या नऊवर नेली. उघड पक्षीय खेळी होती ती. याच नऊ जणांच्या न्यायालयावर 1845 मध्ये कर्नर आले. त्याआधी 1842 मध्ये ते विधानसभेवर निवडून गेले होते.

राज्याच्या 1848 च्या नव्या घटनेने दोन्ही गोष्टी उलटवल्या. न्यायाधीश तीनच उरले आणि नव्याने येणाऱ्यांना नागरिकत्वाशिवाय मत राहिलं नाही. तरी 1853 ते 1857 कर्नर राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर (उपराज्यपाल) होते.

1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरीला नव्या प्रदेशांची दारं उघडताच त्यांचं डेमोक्रॅटिक पक्षाशी बिनसलं. पण गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षाकडे जाण्यातही पेच होता. त्या गोटात परकीयद्वेष्टे ‘नो-नथिंग’वाले शिरले होते, आणि त्यांना नागरिकत्वासाठी थांबायची मुदत 21 वर्षांवर न्यायची होती. 1859 मध्ये मॅसॅच्युसेट्सने तर नागरिकत्व मिळाल्यावरही मतासाठी आणखी दोन वर्षं थांबायची सक्ती केली. 1860 मध्ये लिंकनना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी देणाऱ्या रिपब्लिकनांच्या शिकागो अधिवेशनात कर्नर जाहीरनामा समितीवर बसले. त्या जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमात नागरिकत्वाच्या कायद्यात बदल करायला आणि स्थलांतरितांचे हक्क तोडणाऱ्या राज्यांच्या कायद्यांना स्पष्ट विरोध नोंदवला गेला.