बेमोल वेगळा, मोल वेगळा आणि आपला कोमल त्याहून वेगळा

हार्मोनियम शिकायला येणारी मुलं हल्ली घरी कीबोर्डही वाजवतात. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच: "मायनर म्हणजे कोमल स्वरांचं स्केल ना? आणि कोमल म्हणजे काळी पट्टी?" दोन्ही वाक्यं चूक आहेत. पण व्हिडिओंतून, क्लासच्या नोट्समधून ती इतकी फिरली आहेत की चूक वाटेनाशी झाली आहेत. त्यात कुणी फ्रेंच किंवा जर्मन रेकॉर्डचं कव्हर वाचलं की 'बेमोल' आणि 'मोल' हे एकच समजून गुंता आणखी वाढवतं.

कोमल स्वर मराठी वाचकाला समजावायला नकोत. रे, ग, ध, नी कोमल होतात, मध्यम तीव्र होतो, सा आणि प जागचे हलत नाहीत. एवढं पुरे.

बेमोल आणि मोल हे दोन्ही शब्द लॅटिन 'मोलिस'पासून आले. मोलिस म्हणजे मऊ. रोमन लोक उशीला मोलिस म्हणत, बेताच्या चढाला म्हणत आणि कच्च्या मनाच्या माणसालाही म्हणत. शंख-शिंपल्यांच्या प्राणिवर्गाचं 'मोलस्का' हे नावही यातूनच आलं. संस्कृत 'मृदु' याच मुळाचा, आणि त्याच मृदूचा प्राकृतातून झाला आपला 'मऊ'. म्हणजे मोलिस आणि मऊ दूरचे भाऊबंद आहेत. मराठीतल्या किमतीच्या 'मोला'शी मात्र यांचा संबंध नाही.

हा शब्द संगीतात आला तो एकाच स्वरासाठी. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेत्सो या संन्याशाने गायकांना शिकवण्यासाठी सहा स्वरांची मांडणी रूढ केली. त्या पद्धतीत 'बी' हा स्वर दोन प्रकारे गायला जाई. खालचा गोल 'बी' अक्षराने लिहीत, तो 'बी मोले', मऊ बी. वरचा चौकोनी 'बी'ने लिहीत, तो 'बी दुरुम', कठीण बी. (पास्त्याच्या पाकिटावर दुरुम गहू लिहिलेलं असतं, तोच हा दुरुम.)

मऊ बी लागे तो एफपासून सुरू होणाऱ्या मांडणीत. हार्मोनियमवर हे करून बघा. (पट्ट्या सीपासून मोजतात: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी सात म्हणजे बी.) पांढरी चार हा सा धरा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वर चढा. चौथा स्वर येतो पांढरी सात, म्हणजे तीव्र मध्यम. तो टाळून काळी पाच दाबली की शुद्ध मध्यम मिळतो. युरोपातला पहिला 'मऊ' स्वर हा असा आहे: आपल्या कानाने तो कोमल नाहीच, शुद्ध मध्यम आहे! मी हे पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या दोन पट्ट्यांवरच बोट फिरवत बसलो होतो.

पुढे या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज लोकांनी 'बी मोले'चा 'बेमोल' केला, इटालियनांनी 'बेमोले', आणि कुठलाही स्वर अर्ध्या सुराने उतरवणाऱ्या चिन्हाला ते नाव दिलं. इंग्रजीतला फ्लॅट तो हाच. चिन्हाचा आकारही त्या गोल बीचाच राहिला. जर्मनांनी 'मोल' हा शब्द अख्ख्या स्केलला लावला. मोल म्हणजे मायनर, दुर म्हणजे मेजर. म्हणून फ्रेंच कव्हरवर 'मी बेमोल माजर' दिसलं तर ते ई-फ्लॅट मेजर असतं. त्यात 'मोल' ऐकू आला तरी मायनर काही नाही. जर्मन त्यालाच 'एस-दुर' म्हणतात.

आता खरी अडचण. बेमोल हे एका स्वराच्या नावावर लागणारं चिन्ह आहे, आणि त्या स्वराची जागा पट्ट्यांवर पक्की असते. मोल हा पूर्ण स्केलचा स्वभाव आहे, आणि तो ठरतो गंधारावरून: सापासून मोजलेला गंधार कोमल असेल तर मोल, शुद्ध असेल तर दुर. आपला कोमल यांपैकी कशातच नीट बसत नाही, कारण तो फक्त सापासून मोजला जातो आणि सा आपण हवा तिथे नेतो.

दोन स्केल शेजारी ठेवा. पांढरी सहा हा सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की मिळतं ए मायनर, जर्मनमध्ये आ-मोल. आपल्या हिशोबाने ग, ध, नी कोमल, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. कोमल तीन, बेमोल एकही नाही. आता पुन्हा पांढरी चारचा सा घ्या आणि एफ मेजर वाजवा. लिहिताना बीवर एक बेमोल द्यावा लागतो, पण सगळे स्वर शुद्ध, चोख बिलावल. बेमोल एक, कोमल शून्य.

काळी पट्टी म्हणजे कोमल, हा गैरसमज तर एका मिनिटात जातो. काळी एकचा सा घ्या. अनेक पुरुष गायकांची ती नेहमीची पट्टी. कोमल रे येतो पांढरी दोनवर, कोमल ग पांढरी तीनवर, कोमल ध पांढरी सहावर, कोमल नी पांढरी सातवर. चारही कोमल पांढऱ्यांवर, आणि सा, रे, म, प, ध हे पाच शुद्ध स्वर काळ्यांवर! शिकवणाऱ्याने वर्षभर पांढरी एकच्या पुढे जाऊच दिलं नाही तर मुलाला हे कळणार कधी? पहिल्या महिन्यातच सा हलवायला शिकवा, असं माझं ठाम मत आहे.

कोमल स्वर आले म्हणजे मायनर, हेही टिकत नाही. भैरव रागात रे आणि ध कोमल आहेत, पण गंधार शुद्ध. त्याला मोल म्हणता येणार नाही. म्हणूनच मायनरला मराठीत 'कोमल स्केल' म्हणू नये. मायनर म्हणावं, शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मायनर म्हणजे दुःखी, हेही मुलांना शिकवू नये. त्यांचे कान बंद होतात.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकवलं जाई. त्या परंपरेतले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. पोर्तुगीज 'दो' हा स्वर म्हणजे कायम पांढरी एक. आपला सा गायकाच्या गळ्याप्रमाणे बदलतो. संगीतकार सरगममध्ये गाऊन दाखवणार आणि अरेंजर, म्हणजे वाद्यमेळाची मांडणी करणारा, ते पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच रेघांवर उतरवणार, म्हणजे प्रत्येक गाण्याला हा हिशोब आला. या मंडळींचं ते काम आपण फार कमी वेळा आठवतो.

तो चौकोनी बीही हरवला नाही. त्याचा आकार एच अक्षरासारखा दिसे, म्हणून जर्मन आजही पांढरी सातला 'एच' म्हणतात आणि नुसता 'बी' म्हणजे काळी पाच. त्यामुळेच जर्मन संगीतकार बाखला आपलं आडनाव स्वरांत लिहिता आलं, बी-ए-सी-एच. पेटीवर वाजवा: काळी पाच, पांढरी सहा, वरच्या सप्तकातली पांढरी एक, मग परत खाली पांढरी सात. पहिला स्वर मऊ बी, शेवटचा कठीण.