पार्श्वभूमी : अल्पदृष्टी मुलांचे शिक्षण, रंगीत उजेड आणि अक्षराचा उठाव

‘डोळे जपा, नाहीतर आहे ती नजरही जाईल’ हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला सर्वमान्य सल्ला. १९०८ मध्ये लंडनला आणि १९१३ मध्ये बोस्टनला ‘दृष्टिरक्षणा’चे वर्ग याच समजुतीतून निघाले. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने ती समजूत हलवली. थोडी नजर असलेल्या मुलांकडून पद्धतशीर सराव करून घेतला की तीच नजर अधिक कामाला येते, असे त्यातून दिसले. लाइट बॉक्स, म्हणजे आतून उजळणारी दुधी पृष्ठभागाची पेटी, आणि त्यावरचे रंगीत पारदर्शक तुकडे शाळांत रुळले ते त्यानंतर.

आपल्याकडे १९७४ च्या केंद्रीय योजनेने अपंग मुलांना नेहमीच्या शाळांचे दार उघडले. अल्पदृष्टीची कायदेशीर व्याख्या मात्र १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आली, आणि खरा गुंता तिथूनच आहे. त्या व्याख्येत आकडा नव्हता. उपचार आणि चष्मा होऊनही दोष उरला आहे, पण योग्य साधन मिळाले तर नजर कामासाठी वापरता येते, अशी व्यक्ती अल्पदृष्टी. २०१६ च्या कायद्याने आकडे घातले : चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० या पट्ट्यात (६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे), किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून दिसणारा भाग, ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंश. अंधत्वाची रेषाही ६/६० वरून ३/६० च्या खाली सरकली. काल कागदावर अंध असलेले मूल डोळ्यात काहीही न बदलता अल्पदृष्टी ठरले.

आकड्याने दाखला देणे सोपे झाले, हे मान्य. पण तो आकडा मोजला जातो चांगल्या उजेडात, पांढऱ्या तक्त्यावरच्या ठळक काळ्या अक्षरांवर. वर्गात मुलासमोर असतो खडूने राखाडी झालेला फळा आणि पुसट झेरॉक्स. एकाच आकाराची, तीन-तीनच्या गटाने फिकी होत जाणारी अक्षरे वाचायला लावून उठाव, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळतेतला फरक किती कमी असला तरी दिसतो ते, मोजणारा तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे; कायद्यातल्या व्याख्येत त्याला जागा नाही. त्यामुळे दोन मुलांचा आकडा एकच असतो, पण एकाला पुस्तक वाचता येते आणि दुसऱ्याला नाही. शिक्षकाच्या कामाला येणारी व्याख्या १९९५ चीच होती.

दुसरी गल्लत म्हणजे भडक रंगालाच उठाव समजणे. हिरव्या कागदावरचे लाल अक्षर भडक दिसते, पण दोन्ही रंगांची उजळता सारखी असेल तर ते जवळजवळ विरून जाते. तपासायला मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. त्यात अक्षर हरवले तर रंगांची जोडी बदलावी. पिवळा पारदर्शक कागद निळी-जांभळी शाई गडद करतो, मात्र पिवळ्या मार्करची खूण पुसून टाकतो.

जुने लाइट बॉक्स ट्यूबलाइटचे, जड आणि साध्या चोकमुळे लुकलुकणारे होते. एलईडीने ते हलके केले. आता ते शाळेतही बनतात : ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिक, खाली १२ व्होल्टची एलईडी पट्टी, मध्ये ८ ते १० सेंमी अंतर. अंतर कमी पडले तर ठिपके दिसतात आणि मूल आकाराऐवजी त्यांच्याकडेच पाहत राहते. वर जिलेटिन पेपरचा एकच थर, कारण दोन-तीन थरांनी, विशेषतः निळ्याने, उजेड मरतो. खोली अंधारी करून काळ्या कार्डशीटचा एकच आकार ठेवावा आणि मुलाला पाहायला पुरेसा वेळ द्यावा. अल्बिनिझम (त्वचा, केस, डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी किंवा नसणे) असलेल्या किंवा बुबुळातला रंगीत पडदा नसलेल्या मुलांना उघडा बॉक्स झोंबतो. तिथे उजेड मंद करून बाकीचा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि आकारापुरती खिडकी ठेवावी. फिट येणाऱ्या मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि लुकलुकणारा दिवा वापरूच नये.

गेल्या दोन दशकांत बॉक्सचा मोठा वापर मेंदूजन्य दृष्टिदोषाच्या (म्हणजे डोळ्यांपेक्षा मेंदूतल्या अडचणीमुळे नीट न दिसणाऱ्या) मुलांसाठी होऊ लागला. त्यांतली अनेक मुले लाल किंवा पिवळ्याकडे आधी पाहतात. तो नियम नव्हे, रंग प्रत्येक मुलाबरोबर तपासावा लागतो. यानंतरची पायरी हमखास राहून जाते : बॉक्स रोज थोडा मंद करत, खोलीतला दिवा वाढवत, तोच आकार शेवटी साध्या उजेडात पांढऱ्या कागदावर आणणे. ती गाळली की मूल बॉक्सवर त्रिकोण ओळखते आणि वहीतला त्रिकोण त्याला दिसत नाही.