घाम ओढणारी ब्रा

अंगावरचा घाम कापडातून बाहेरच्या बाजूला नेऊन तिथं वाळवते ती घाम ओढणारी ब्रा. दुकानात हिला ड्राय फिट म्हणतात, विकिंग म्हणतात, नाहीतर सरळ स्पोर्ट्स ब्रा म्हणून पुढ्यात टाकतात, आता प्रत्येक स्पोर्ट्स ब्रा घाम ओढतेच असं नाही आणि घाम ओढणारी प्रत्येक ब्रा पळताना आधार देईलच असंही नाही, पण हा फरक काउंटरवर कुणी सांगत बसत नाही. साताऱ्यात अजून बऱ्याच दुकानांत नंबर विचारायचा, दोन बॉक्स उघडायचे आणि 'कॉटनमध्ये देऊ का' एवढ्यावर विषय संपतो.

ही ब्रा कशी चालते ते समजायला समईची वात बघायची. वात तेल पिऊन बसत नाही, धाग्यांमधल्या बारीक फटींतून ते वर चढवते, आणि सतत चढवत राहते कारण टोकाला ज्योत ते संपवत असते. ज्योत विझली की वात नुसती तेलकट होऊन पडते. ब्राचं तसंच आहे, कापड घाम ओढतं हे निम्मं काम, बाहेरच्या टोकाला वाऱ्यानं तो उडून गेला पाहिजे हे उरलेलं निम्मं. उडून जाताना घाम अंगाची उष्णताही नेतो, एक लिटर घाम पूर्ण वाळायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. थेंब थेंब खाली गळून गेलेल्या घामाचा गारव्याला काही उपयोग नाही.

सुती घाला हा आईचा सल्ला अर्धा बरोबर आहे. सुती धागा नेहमीच्या हवेतच स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत ओल धरून असतो, पॉलिएस्टर ०.४ टक्का, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास. दिवसभर खुर्चीत बसून काम असेल, घाम थोडाच येत असेल तर सूत तो पिऊन टाकतं आणि बरंच वाटतं. पण जिना दोनदा चढला, एसटीत उभं राहून आलं की सूत पुरतं भिजतं, धागा फुगतो, फटी बुजतात आणि मग ते ओलं फडकं अंगाला चिकटून तास दोन तास तसंच राहतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी आत जवळजवळ घेतच नाही, म्हणून पाणी धाग्याच्या अंगावरून आणि दोन धाग्यांच्या मधून सरकतं. गोल धाग्याऐवजी खाचा असलेला धागा काढला तर त्या खाचा पन्हाळीसारख्या चालतात, ड्युपाँट कंपनीनं १९८६ मध्ये आणलेलं कूलमॅक्स हे याच कल्पनेवरचं. लोकरीची गंमत वेगळीच, मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बरीच ओल पोटात घेऊनसुद्धा अंगाला ओली लागत नाही आणि वासही कमी धरते, पण लोकर म्हटलं की आपल्याकडं माणदेशातलं घोंगडं डोळ्यापुढं येतं आणि छातीशी घोंगडं ही कल्पनाच टोचते. मेरिनोचा धागा त्यापेक्षा खूप बारीक असतो एवढंच सांगते, किंमत मात्र बारीक नसते.

चांगल्या कापडाला दोन तोंडं असतात. आतलं तोंड जाडसर, पाणी नको म्हणणाऱ्या धाग्याचं, बाहेरचं तोंड बारीक आणि पाण्याला ओढून घेणाऱ्या धाग्याचं. बारीक फट जाड फटीपेक्षा जास्त जोरानं ओढते, त्यामुळं घाम आतून बाहेर जातो आणि सहसा माघारी येत नाही. घरी बघायचं असेल तर आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ती ब्रा घाम ओढणार नाही. थेंब दोन-तीन सेकंदात आत गेला आणि उलटून बघितल्यावर बाहेरचा डाग आतल्यापेक्षा मोठा दिसला तर कापड कामाचं. मी हे एकदा विकत आणलेल्या नव्या ब्रावर केलं तेव्हा थेंब झटकन गेला, दहा-बारा धुण्यांनंतर केलं तर थेंब बसून माझ्याकडं बघतोय, कारण त्या कापडाच्या धाग्यात काही नव्हतंच, वरून नुसतं केमिकलचं फिनिश मारलं होतं ते धुऊन गेलं. खाच धाग्यातच असेल तर ती धुऊन जात नाही.

कापड चांगलं आणून शिवण चुकली तर सगळं वाया. स्तनांवर स्वतःचा घाम तसा कमी येतो, जास्त येतो पाठीच्या मधोमध आणि छातीच्या मधल्या घळीत, आणि स्तनाखाली कातडीवर कातडी टेकते तिथं येतो तेवढा अडकून पडतो. तिथंच घामोळं उठतं, खाज सुटते, लाल चट्टे येतात, पुढं बुरशीपण होते, आणि बायका पावडर मारून मारून वर्षं काढतात, पावडर घामात कालवली की लगदा होतो ते निराळंच. म्हणून डिझाइन करताना कापड सगळीकडं सारखं ठेवत नाहीत, पाठीला आणि मधल्या पट्टीला जाळी, खालच्या बँडच्या आत ओल ओढणारी मऊ पट्टी. नुसती दाबून सपाट करणारी ब्रा दोन्ही बाजू एकमेकींवर रेटते, मधे हवा राहत नाही, त्यापेक्षा दोन वेगळे कप असलेली ब्रा जास्त कोरडी राहते, भरलेल्या अंगाच्या बाईला तर हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते फोम. बाहेरून ड्राय कापड आणि आत भांडी घासायच्या स्पंजसारखा फोमचा कप, घाम जातो तिथं आणि तिथंच मुक्काम करतो, पळून आल्यावर कप दाबला की पाणी निघतं. याला उपाय म्हणून स्पेसर नावाचं कापड असतं, दोन पातळ थर आणि त्यांच्या मधे उभे ताठ धागे, म्हणजे कपाला आकार राहतो आणि मधून हवाही फिरते. ते महाग पडतं म्हणून स्वस्त मालात फोमला भोकं पाडून भागवतात. दुसरं दुखणं बँडचं, बँडचं रुंद इलॅस्टिक सगळ्यात शेवटी वाळतं आणि सगळा ताण त्याच्यावरच असतो, ओली कातडी आणि घट्ट पट्टा म्हणजे सोलवटणं आलंच. ताणासाठी जो धागा घालतात तो स्पँडेक्स, १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी ड्युपाँटमध्येच काढलेला.

स्पोर्ट्स ब्राचा जन्म १९७७ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुषांचे दोन लंगोटासारखे जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिला नमुना केला, पुढं त्याचं जॉगब्रा झालं. तेव्हा मुख्य प्रश्न पळताना छाती हलण्याचा होता.

साताऱ्यात ही ब्रा आली ती पळणाऱ्यांबरोबर. २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरच्या घाटानं वर जाऊन परत, २१ किलोमीटर, आणि माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पळाल्या त्यानंतर पोरींना पळू नको म्हणणाऱ्यांची तोंडं जरा तरी बंद झाली. पण खरी गरज आहे पोलीस भरतीच्या पोरींना. पहाटे ग्राउंडवर ८०० मीटरची प्रॅक्टिस करताना बघा, निम्म्या जणींनी एकावर एक दोन साध्या ब्रा घातलेल्या असतात, वर टीशर्ट, आणि दोन राउंडनंतर पाठीवर बँडची ओली आडवी रेघ उमटलेली. आधार मिळतो त्यानं, खोटं नाही, पण घामाला तीन थर ओलांडायचे असतात.

आता समईच्या त्या ज्योतीची गोष्ट, म्हणजे घाम उडवणाऱ्या हवेची. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. माणमधल्या दहिवडीला एप्रिलच्या कोरड्या झळांमध्ये ही ब्रा अशी वाळते की घाम आला होता हेच कळत नाही, तीच ब्रा जुलैमध्ये महाबळेश्वरला घातली की हवाच पाण्यानं भरलेली, घाम उडणार कुठं, ब्रा ओलीच राहते आणि बाई म्हणते कंपनीनं फसवलं. कंपनीनं फसवलेलं नसतं, फक्त बॉक्सवर हवामान लिहिलेलं नसतं. अशा हवेत पातळ कापड, जाळी जास्त आणि बदलायला एक जोड पिशवीत, याला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यात सहसा नसते, ती म्हणजे वरचा ब्लाऊज. या ब्रा बनवल्या जातात वर काही न घालता किंवा एक पातळ टीशर्ट घालून पळणारीसाठी. आपल्याकडं वर अस्तराचा ब्लाऊज, त्यावर पदर, नाहीतर कुडत्यावर ओढणी. ब्रानं घाम बाहेर आणला की पुढं तो कुणी घ्यायचा? अस्तर चकचकीत सिंथेटिक असेल तर घाम दोघांच्या मधे कोंडतो. अस्तर सुती, किंवा ब्लाऊजच बिनअस्तराचा टू बाय टूचा असेल तर तो पुढची वात होतो. म्हणजे सूत अंगाला नाही तर वरच्या थराला, आणि अंगाला पाणी न पिणारा धागा, बरोबर उलटं.

धुताना फॅब्रिक कंडिशनर घालायचा नाही, तो धाग्यावर मेणासारखा थर चढवतो आणि फटी बुजवतो. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण लावला की पांढरा खर बसतो तोही तेच करतो, त्यामुळं लिक्विड बरं आणि पाणी भरपूर. घामाबरोबरचं अंगाचं तेल पॉलिएस्टरला सुतापेक्षा जास्त धरून बसतं म्हणून वासही त्यालाच जास्त येतो, घातली की त्याच दिवशी धुवायची, बॅगेत कोंबून ठेवायची नाही. वाळायला मोकळ्या वाऱ्यावर तासा-दोन तासाचं काम, पण आपल्याकडं ती दोरीवर एकटी कुठं जाते, आतल्या बाजूच्या दोरीवर परकराखाली नाहीतर टॉवेलच्या आड जाते, आणि संध्याकाळी काढायला जावं तर वरचा टॉवेल खडखडीत आणि खाली बँड अजून दमटच.