‘आद आस्त्रा पेर आस्पेरा’ कोणाचं आणि ‘पेर आर्दुआ आद आस्त्रा’ कोणाचं?

ज्याला लॅटिन येत नाही (म्हणजे आपण बहुतेक सगळेच) त्याला ही दोन वाक्यं एकच वाटतात, आणि क्विझमध्ये हमखास गल्लत होते. पहिलं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचं ब्रीदवाक्य, दुसरं ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचं. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हाच दोन्हींचा मथितार्थ. ‘आद’ म्हणजे कडे, ‘पेर’ म्हणजे मधून, ‘आस्त्रा’ म्हणजे तारे. ‘आस्पेरा’ म्हणजे खडबडीत, खाचखळग्यांचं; ‘आर्दुआ’ म्हणजे चढणीचं, दमछाक करणारं. क्रम उलटा केला तरी लॅटिनमध्ये अर्थ तोच राहतो. मला खरा फरक दिसतो तो वेळेचा: कॅन्ससने हे वाक्य घेतलं ते सगळं भोगून झाल्यावर, विमानदलाने घेतलं ते फारसं काही भोगायच्या आधी.

१८५४ च्या कायद्याने कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही हे तिथे येऊन वसणाऱ्यांवर सोडलं. झालं! शेजारच्या मिसुरीतून गुलामगिरीवाल्यांच्या टोळ्या येऊन मतं टाकून जाऊ लागल्या, आणि विरोधक उत्तरेकडून बंदुका घेऊन वस्तीला आले. २१ मे १८५६ ला विरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं गेलं, तिथलं फ्री स्टेट हॉटेल पेटवलं गेलं. त्यानंतर काही दिवसांतच गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन आणि त्याच्या माणसांनी पॉटावाटोमी ओढ्याकाठी विरुद्ध बाजूच्या पाच जणांना रात्री घराबाहेर काढून कापून टाकलं. राज्यघटनेचे एकामागून एक चार मसुदे झाले, त्यातला चौथा टिकला. २९ जानेवारी १८६१ ला कॅन्सस अमेरिकेचं ३४ वं राज्य झालं.

नव्या राज्याला मुद्रा, म्हणजे अधिकृत शिक्का, हवी होती. तिची कल्पना मांडली जॉन जेम्स इंगल्सने. मूळचा मॅसॅच्युसेट्सचा हा वकील तेव्हा राज्याच्या सिनेटचा सचिव होता. पुढे तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला. त्याचं चित्र अगदी साधं होतं: खाली ढग, ढगांतून वर येणारा एकच तारा, त्याच्या वर तारकापुंज आणि हे ब्रीदवाक्य. ढग म्हणजे आधीच्या वर्षांतली संकटं, तारा म्हणजे कॅन्सस, पुंज म्हणजे अमेरिकेतली राज्यं. अमेरिकेच्या झेंड्यावर प्रत्येक राज्यामागे एक तारा असतो हे ध्यानात घेतलं की वाक्य एकदम उलगडतं. इथले ‘तारे’ आकाशातले नाहीतच. ते संघराज्यातली जागा आहेत.

मुद्रा ठरवणाऱ्या समितीने तारा आणि वाक्य ठेवलं, पण बाकी जागेत सापडेल ते कोंबलं: नांगर धरलेला शेतकरी, लाकडी झोपडी, नदीतली आगबोट, बैलगाड्यांचा तांडा, घोड्यांवरून रानरेड्यांचा पाठलाग करणारे मूलनिवासी, मागे डोंगर. एवढ्या सपाट राज्याला डोंगर कशाला, ते समितीच जाणे. आपल्या चित्राचं साधेपण नासवलं, अशी तक्रार इंगल्सने पुढे केली, आणि मुद्रा पाहिली की ती पटते.

ब्रिटिशांची कथा याच्या मानाने फारच निवांत. १९१२ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर ही विमानी तुकडी उभी राहिली. तिच्या लष्करी शाखेचा प्रमुख फ्रेडरिक साइक्स याने अधिकाऱ्यांकडे ब्रीदवाक्य मागितलं. युल नावाच्या तरुण लेफ्टनंटने ‘पेर आर्दुआ आद आस्त्रा’ सुचवलं. त्याने ते रायडर हॅगार्डच्या ‘द पीपल ऑफ द मिस्ट’ या कादंबरीत वाचलं होतं! साइक्सला आवडलं, १९१३ मध्ये राजाची मंजुरीही मिळाली. तेव्हा विमानं म्हणजे लाकूड, कापड आणि धातूच्या तारा, आणि वैमानिक मोजके. पहिलं महायुद्ध अजून व्हायचं होतं. १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स झाली, वाक्य तेच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तिच्या बॉम्बफेक करणाऱ्या एकट्या बॉम्बर कमांडची ५५ हजारांहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे कादंबरीतून उचललेल्या त्या शब्दांना वजन आलं असं मला वाटतं.

हा साइक्स आपल्याला अगदीच परका नाही. १९२८ ते १९३३ तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तो याच्याच कारकिर्दीत. आपल्या हवाई दलाचं ‘नभःस्पृशं दीप्तम्’ मात्र या घराण्यातलं नाही. ते गीतेच्या ११ व्या अध्यायातलं, आणि तिथे आभाळाला भिडणारं रूप पाहून अर्जुनाची घाबरगुंडी उडालेली आहे.

लॅटिनमध्ये ही कल्पना जुनीच. पृथ्वीवरून ताऱ्यांकडे जाणारी वाट सोपी नाही, अशी ओळ प्राचीन रोमच्या सेनेकाच्या नाटकात आहे. ‘पेर आस्पेरा आद आस्त्रा’ हे जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्वेरिन घराण्याचं ब्रीद, म्हणजे शब्द कॅन्ससचे आणि क्रम विमानदलाचा. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ या अमेरिकी अंतराळयानाला लागलेल्या आगीत तीन अंतराळवीर गेले. केप कॅनव्हरलला त्या उड्डाणतळावर त्यांच्या स्मरणार्थ फलक आहे. त्यावरचं वाक्य मात्र शब्दाशब्दाला कॅन्ससचं आहे: ‘आद आस्त्रा पेर आस्पेरा’.