'पानशेत' वजनदार, 'माहिती' हलकी

शेजारच्या काकूंचा नातू परवा शाळेचा प्रकल्प घेऊन आला. विषय, पुण्यातला पूर. त्यानं गुगलला अगदी अदबीनं लिहिलं होतं, 'पुण्यात आलेल्या मोठ्या पुराची संपूर्ण माहिती द्या'. समोर आल्या पावसाच्या ताज्या बातम्या. मी 'पानशेत १९६१ पूर' एवढंच टाकलं आणि १२ जुलैला फुटलेलं धरण हजर. पोराला वाटलं, काकांना मंत्र येतो.

मंत्रबिंत्र काही नाही. आपण विचारतो तेव्हा गुगल जगभरची पानं धुंडाळत बसत नाही. ती आधीच वाचून पुस्तकामागे असते तशी शब्दसूची केलेली असते : अमुक शब्द, तमुक पानांवर. तीन शब्द दिले की तीन याद्या काढायच्या आणि तिन्हींत असलेली पानं उचलायची. सुरुवात शक्यतो सगळ्यांत छोट्या यादीपासून. लाख पानं चाळण्यापेक्षा शंभर बरी.

आता उचललेल्या पानांचा क्रम. १९७२ साली केरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेनं मांडलं, की शब्द जितका दुर्मीळ तितकं त्याला वजन जास्त द्यावं. समजा, एकूण दहा लाख पानं आहेत. 'पुणे' एक लाख पानांवर. एकूण पानांना त्यानं भागलं की भागाकार १०, त्याचा लॉग (इथं १ पुढची शून्यं मोजायची) १. 'पानशेत' शंभर पानांवर. भागाकार १०,०००, लॉग ४. म्हणजे चौपट वजन! 'माहिती' तर जिकडेतिकडे, तिचा लॉग शून्याकडे. आजची इंजिनं वाक्याचा अर्थही लावू पाहतात आणि कोणत्या पानाला किती दुवे येतात तेही मोजतात, पण दुर्मीळ शब्दाचा मान अजून गेलेला नाही.

मराठीत एक जादा पंचाईत : 'पूर'चं 'पुरा' होतं, 'पुणे'चं 'पुण्या'. यंत्राला हे नातं दरवेळी उमगेलच असं नाही, तेव्हा दोन्ही रूपं टाकून बघावीत. नुसतं 'पानशेत' टाकून रिसॉर्टच येऊ लागले, तर पुढे जागा सोडून '-रिसॉर्ट' लिहावं. उणे चिन्ह शब्दाला चिकटून. आणि पहिला निकाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पैसे मोजलेल्या जाहिरातीही तिथंच वर बसतात. 'गुगलवर आहे ना!' म्हणणाऱ्यांना हे कितीदा सांगायचं?

आतून आजी म्हणाल्या, "अरे, लकडी पूल पाण्याखाली गेला होता, ते घाल की."

पोरानं 'लकडी पूल' जोडलं. यादी आणखी आखूड झाली.